टीव्ही गेमच्या कॅसेटीचे पाठभेद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, बखरी आणि ताम्रपट उभे राहतात. आम्हा अकोलेकरांच्या डोळ्यांपुढे असदगड येतो, बाळापूरचा किल्ला येतो, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री येते. आज मात्र मी काळ्या किंवा करड्या प्लॅस्टिकच्या एका डबीचा इतिहास सांगणार आहे. ही डबी टीव्हीला जोडायची, तिच्या तोंडात एक पिवळी किंवा लाल कॅसेट खोचायची आणि दोन वायरींचे रिमोट हातात घेऊन बसायचे. घरोघरी तिला ‘टीव्ही गेम’ म्हणत. काही जण ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. मूळ नाव तिला होते, पण ते आमच्यापर्यंत आलेच नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

माझे बालपण जठारपेठेत गेले. नव्वदच्या दशकातला तो काळ होता. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. मुलांना बाहेर सोडायला आया तयार नसत, आणि घरात कूलरसमोर बसून करायचे काय, हा प्रश्न असे. टीव्ही गेमने तो सोडवला. ज्याच्या घरी डबी असे, त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरे जमत. ज्यांच्याकडे नसे, ते तासाला पाच रुपये देऊन एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत खेळत. कॅसेट चालली नाही की मागून कोणीतरी हमखास म्हणे, ‘‘फुकून पाय ना भाऊ!’’ कॅसेट काढायची, तिच्या पट्टीवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. खरे तर फुंकरीतल्या ओलाव्याने तांब्याच्या त्या पट्टीचे नुकसानच होत असे. गेम सुरू होई तो कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे. पण श्रेय फुंकरीला मिळे.

डबी आली कुठून?

१५ जुलै १९८३ रोजी जपानमधल्या निन्टेन्डो या कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. जपानी लोक त्याला लाडाने ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली होती. २०२१ मध्ये ते वारले. या यंत्राची कामाची स्मृती होती अवघी २ किलोबाइट. आज आपण मोबाइलवर ‘सुप्रभात’चे जे चित्र पाठवतो, ते एकटेच त्याच्या कितीतरी पट मोठे असते. एवढ्याशा जागेत त्या लोकांनी जग उभे केले. १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ, म्हणजे त्यातले डोंगर, ढग, बोगदे, शत्रू आणि संगीत सगळे मिळून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे.

अमेरिकेत हे यंत्र वेगळ्या रूपात गेले, तेव्हा कंपनीने त्यात एक कुलपाची चिप घातली. कंपनीने मान्यता दिलेल्या कॅसेटीच त्यात चालाव्यात, हा हेतू. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असे कुलूप नव्हते. त्यामुळे तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांना त्याची नक्कल करणे सोपे गेले. पुढे पुढे तर संपूर्ण यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागले. डबी उघडली की आत हिरव्या पाटीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसे. त्या थेंबाखाली सगळे यंत्र झाकलेले असे.

आपल्याकडे त्या काळी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबरदस्त आयात शुल्क होते. १९९५ मध्ये सेगा कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आले, तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये. त्या पैशात वऱ्हाडातल्या एखाद्या घरात रंगीत टीव्ही आला असता. म्हणून मूळ यंत्र आमच्याकडे आले नाही, नक्कल आली. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशी नावे लावून ती देशभर विकली गेली. मुंबईच्या बाजारातून ती अकोल्याच्या गांधी रोडवर आली आणि तिथून आमच्या घरी.

नाव पुसलेले खेळ

कॅसेटीवरचे कागद आठवून पाहा. ‘९९९९९९ इन १’ असे काहीतरी त्यावर छापलेले असे. टीव्हीवर यादी उघडली की शेकडो नावे येत. प्रत्यक्षात खेळ पाच-दहाच. तोच मारिओ, पण एकदा पहिल्या टप्प्यापासून, एकदा तिसऱ्यापासून. पोरांना हे आठवड्याभरात कळे, पण दुकानदाराकडे तक्रार घेऊन जाणारा कोणी मी पाहिला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आम्हाला तेव्हा कळली नाही. नक्कल करणाऱ्यांनी अनेक खेळांच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि साल काढून टाकले होते. आम्ही ज्याला ‘टँक’ म्हणत होतो आणि ज्यात विटांच्या भिंतींआड आपला गरुड सांभाळायचा असे, तो खेळ म्हणजे नामको कंपनीचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. आमच्याकडे तो ‘टँक १९९०’ असा नवा जन्म घेऊन आला. नकलेत नवे नकाशेही घातलेले होते. मारिओची कल्पना शिगेरू मियामोतो यांची, त्याचे संगीत कोजी कोंडो यांचे. जठारपेठेतली पोरे शाळेत जाताना ती चाल तोंडाने वाजवीत, पण कोंडो हे नाव त्यांच्या कानावर कधी पडले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

चिप बसवलेला पीएस टू

शतक संपता संपता कॅसेट मागे पडली आणि सीडी आली. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन १९९४ मध्ये आणि प्लेस्टेशन टू मार्च २००० मध्ये जपानात निघाले. दुसरे यंत्र जगात पंधरा कोटींहून अधिक खपले. इथेही कुलूप होतेच. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ सीडीवर, आतल्या बाजूच्या रेघेत, एक मुद्दाम घातलेली थरथर असे. त्या थरथरीत चार अक्षरांचा संकेत लपवलेला होता. घरच्या सीडी रायटरला तशी थरथर लिहिता येत नाही. म्हणून नक्कल केलेली सीडी यंत्र नाकारीत असे.

यावर तोडगा निघाला तो बोटाच्या पेराएवढ्या चिपचा. यंत्र उघडायचे, पाटीवरच्या ठरावीक जागी बारीक वायरी डाग द्यायच्या आणि ती चिप बसवायची. यंत्राने संकेत विचारला की सीडीच्या वतीने ही चिपच उत्तर देई. मोठ्या शहरांतच नव्हे, तर आमच्याकडेही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी माणसे हे काम शिकली. दुकानात गिऱ्हाईक विचारी, ‘‘चिप बसवेल हाय का?’’ आणि चिप बसवलेल्या पीएस टूला जास्त भाव येई. कोणत्याही तंत्रनिकेतनात न शिकवलेली ही विद्या होती. भिंगाखाली केसाएवढ्या वायरीला डाग देणारे ते हात मी पाहिले आहेत. त्या कौशल्याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण काम कायद्याच्या काठावरचे होते.

पुढे तर चिपचीही गरज उरली नाही. एका विशिष्ट तऱ्हेने तयार केलेले मेमरी कार्ड लावले की पीएस टू पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅमही चालवू लागला. सोनीच्याच पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्राचेही तसेच झाले. आणि इथे एक गंमत घडली. मोकळे झालेले हे नवे, ताकदवान यंत्र घेऊन लोकांनी त्यावर काय खेळले? जुना मारिओ, जुना काँट्रा आणि जुना टँक!

दुभाष्याचे काम

हे शक्य होते ‘एम्युलेटर’मुळे. एम्युलेटर म्हणजे दुभाषी समजा. जुना खेळ फॅमिकॉमच्या भाषेत आज्ञा देतो. नव्या यंत्राला ती भाषा येत नाही. मधे बसलेला एम्युलेटर प्रत्येक आज्ञा ऐकतो आणि नव्या यंत्राला समजेल अशी करून सांगतो. भाषांतर सेकंदाला लाखो आज्ञांचे करावे लागते, म्हणून नवे यंत्र जुन्यापेक्षा पुष्कळ वेगवान हवे. १९९७ हे या विद्येतले महत्त्वाचे साल. त्या वर्षी फॅमिकॉमचे खेळ साध्या घरगुती संगणकावर चालवणारा ‘नेस्टिकल’ निघाला. त्याच वर्षी इटलीतल्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हा प्रकल्प सुरू केला. मोठ्या पार्लरमधल्या नाणी टाकायच्या यंत्रांचे अंतरंग नष्ट होण्यापूर्वी नोंदवून ठेवणे, हा त्याचा उद्देश.

वऱ्हाडात एम्युलेटरचा एक उपयोग असा झाला, जो जपानी अभियंत्यांच्या मनातही आला नसेल. मारिओत खेळ जिथल्या तिथे साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सातव्या टप्प्यापर्यंत पोहोचावे आणि वीज जावी, हा अनुभव कितीजणांनी घेतला असेल! जिल्ह्यात पारसचे वीजकेंद्र, पण २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने आमचे तासन् तास अंधारात गेले. एम्युलेटरमध्ये मात्र कोणत्याही क्षणी खेळ गोठवून साठवता येतो. वीज परत आली की मारिओ उडी अर्धवट टाकून हवेत थांबलेला असतो, तिथूनच पुढे चालू.

सगळेच मात्र परत मिळत नाही. ‘डक हंट’मध्ये बदके मारायची बंदूक आठवते? चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. त्याला तो चौकोन दिसला की नेम लागला. हा हिशेब जुन्या, पाठीला पोक असलेल्या टीव्हीच्या चित्र रेखाटण्याच्या पद्धतीवर बेतलेला होता. आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी आहे. वस्तू जपायची तर तिच्या सोबतीच्या वस्तूही जपाव्या लागतात.

कायद्याचे वय आणि वस्तूचे वय

हे सगळे कायदेशीर आहे का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे दुभाषी असणे हा गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या मालकीचा खेळ फुकट वाटणे ही वेगळी गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीचाच दर्जा आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती खराब होईल या भीतीने जादा प्रत करून ठेवायची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने खेळ घडवला, त्याला त्याचे मोल मिळालेच पाहिजे. पण एक विसंगती बघा. साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण. सीडीचा थर त्याच्या कितीतरी आधी उडतो, कॅसेटीतली बॅटरी संपते, यंत्र भंगारात जाते. म्हणजे नक्कल करण्याची पूर्ण मोकळीक मिळेल, तेव्हा नक्कल करायला काही उरलेलेच नसेल. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात कोणत्याच रूपात मिळत नव्हते. खुद्द निन्टेन्डोने २०१६ मध्ये ३० जुने खेळ असलेली छोटी डबी विकायला काढली. तिच्या आतही एम्युलेटरच होता!

आणि हा केवळ जपानी-अमेरिकी खेळांचा प्रश्न नाही. २००९ मध्ये हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा पीएस टूसाठी भारतात बनलेला पहिला खेळ. त्याच वर्षीच्या ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी होती. पीएस टूचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला पूर्ण थांबले. आता हे आपले खेळ उद्याच्या मुलांना दाखवायचे, तर जुनी यंत्रे टिकेपर्यंतच, नाहीतर एम्युलेटरमधून.

रिद्धपूरचा धडा

नकलेकडे आपण तुच्छतेने पाहतो. पण आमच्या वऱ्हाडाने नकलेचे मोल सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि स्मरणावरून ती पुन्हा लिहून काढावी लागली, अशी परंपरा सांगते. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. तेही एक कुलूपच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते उघडले, तेव्हा मराठी गद्याचा आरंभ आपल्याला दिसला. ग्रंथ टिकला तो नकलकारांमुळे आणि कळला तो कुलूप उघडणाऱ्यामुळे.

मात्र त्या नकलकारांत आणि आमच्या कॅसेटवाल्यांत एक फरक आहे. पोथीची नक्कल करणारा शेवटी पुष्पिका लिही. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी केली, कुठे, कोणत्या शकात, कोणत्या तिथीला, हे सांगे. कॅसेटवाल्याने मूळ कर्त्याचे नावही पुसले आणि स्वतःचेही लिहिले नाही.

जगभरच्या हौशी संग्राहकांनी गेल्या पाव शतकात जुन्या कॅसेटींतले खेळ उतरवून घेतले आणि त्यांच्या याद्या केल्या. त्यांतल्या एका प्रसिद्ध पद्धतीत प्रत्येक नावापुढे खूण असते. शुद्ध मूळ प्रतीला उद्गारचिन्ह, फेरफार केलेलीला ‘एच’ आणि चोरट्या प्रतीला ‘पी’. एक माजी विद्यार्थी चिप बसवलेला पीएस टू घेऊन माझ्याकडे आला होता. त्याने ती यादी उघडून मला दाखवली. ‘‘सर, आपण लहानपणी खेळलो तो टँक या ‘पी’त हाय,’’ तो म्हणाला. आजच्या मुलांना यंत्रावर घालून मिळतात त्या उद्गारचिन्हाच्या प्रती. टोकियोतल्या मुलाने जो खेळ पाहिला, तो त्यांना दिसतो. अकोल्यातल्या मुलाने पाहिलेला, नाव बदललेला, नकाशे वाढवलेला खेळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्या ताडून पाहिल्या. तिथे पाठभेद म्हणजे कचरा नसतो. तो पुरावा असतो. पोथी कोणत्या हातांतून, कोणत्या गावांतून गेली, हे तो सांगतो. आमच्या कॅसेटींचे पाठभेदही तेच सांगतात. आयात शुल्क किती होते, लोकांच्या खिशात काय होते, तैवानचा माल वऱ्हाडात कसा आला, आणि परवडत नसलेल्या वस्तूपर्यंत एक पिढी कशी पोहोचली. हा भारतातल्या लहान शहरांचा इतिहास आहे. तो मूळ शुद्ध प्रतीत सापडणार नाही.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अशी डबी खाली आली, तर लगेच भंगारवाल्याच्या तागडीत टाकू नका. कॅसेटीवरच्या कागदाचा आणि टीव्हीवर येणाऱ्या पहिल्या पडद्याचा एक फोटो काढा. एका कागदावर लिहा. कोणत्या साली घेतली, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना, कोणी दुरुस्त केली, गल्लीत तिला काय म्हणत. जमल्यास खेळाचे मूळ नाव आणि तो घडवणाऱ्याचे नाव शोधून त्याखाली लिहा. आता ते शोधणे अवघड नाही. खाली गाव घाला, तारीख घाला, आणि तो कागद घडी करून डबीत ठेवा.